कामाच्या जागी रक्त सांडलं तर : दुकान, वर्कशॉप, शाळा, मस्जिद सगळ्यांसाठी माहिती

कोडोली आणि शेजारच्या वारणानगर परिसरात हाताने काम करणारी माणसं खूप आहेत. साखर कारखाना, दूध संघ, गुऱ्हाळं, लेथ आणि वेल्डिंगची दुकानं, गॅरेज, सलून, मटण शॉप, शिलाईकाम, शाळा, दवाखाने. आपल्या समाजातली बरीच घरं यातल्याच कुठल्या ना कुठल्या कामावर चालतात. अशा कामात कधी तरी कुणाचा हात कापतो, बोट चरकात किंवा मशीनमध्ये सापडतं, पत्रा लागतो, वस्तरा फिरतो. जखमी माणसाला लोक लगेच दवाखान्यात नेतात. इथे आपले लोक कमी पडत नाहीत. पण मागे जमिनीवर जे रक्त राहतं त्याचं काय?

बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं. झाडलोट करणारी मावशी, नाहीतर दुकानातला सगळ्यात लहान पोऱ्या. एक बादली पाणी, थोडं फिनेल, एक जुनं फडकं आणि उघडे हात. काम झालं की तेच फडकं पिळून परत फरशीला. यात धोका नेमका कुणाला आहे आणि तो किती सोप्या गोष्टींनी टळतो, ते समजावं म्हणून ही माहिती.

रक्तातून काय पसरतं?

रक्तातून पसरणारे मुख्य आजार तीन : हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही. पहिले दोन लिव्हरचे आजार आहेत. साध्या बोलण्यात आपण दोन्हीला "कावीळ" म्हणतो, पण दूषित पाण्यातून होणारी कावीळ वेगळी आणि ही वेगळी. रक्तातून आलेली कावीळ काही जणांत वर्षानुवर्षं लपून राहते आणि पुढे लिव्हर खराब करते.

एचआयव्हीची भीती लोकांना जास्त वाटते, पण सांडलेल्या रक्ताच्या बाबतीत हिपॅटायटिस बी जास्त चिवट आहे. हा विषाणू सुकलेल्या रक्तात, फरशीवर किंवा हत्यारावर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणजे डाग सुकून तपकिरी झाला, आता काही नाही, ही समजूत चूक आहे. उलट एचआयव्ही शरीराबाहेर, कोरड्या जागी लवकर दुबळा होतो.

बाधित रक्त लागलेली सुई टोचली, तर धोका साधारण असा धरतात : लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता १०० पैकी ६ ते ३०, हिपॅटायटिस सी ची १०० पैकी सुमारे २, आणि एचआयव्हीची १,००० पैकी सुमारे ३. हे आकडे सुई आत शिरल्याचे आहेत. अखंड, न कापलेल्या कातडीवर रक्त पडलं आणि लगेच साबणाने धुतलं, तर घाबरण्याचं कारण नाही. धोक्याचे रस्ते चार : हातावरची जुनी चीर किंवा जखम, डोळा, तोंड-नाक, आणि काच-सुई-ब्लेड टोचणं. पत्र्याचं काम, शेतीचं काम किंवा भांडी घासणाऱ्या माणसाच्या हातावर बारीक चिरा असतातच, हे लक्षात ठेवावं.

गुजरातमधलं मोडासा आपल्या वाचकांना ठाऊक असेल. २००९ च्या सुरुवातीला तिथे आणि आसपासच्या गावांत हिपॅटायटिस बी ची साथ आली आणि चाळीसहून जास्त माणसं गेली. तपासात वापरलेल्या सुया-सिरिंज पुन्हा वापरल्याचं समोर आलं. ते दवाखान्यांचं प्रकरण होतं, फरशीवरच्या रक्ताचं नाही. पण एका माणसाचं रक्त दुसऱ्याच्या शरीरात जायला डोळ्याला दिसेल एवढं रक्तही लागत नाही, हा धडा दोन्हीकडे सारखाच आहे.

"हा तर आपलाच माणूस आहे"

सगळ्यात मोठी अडचण ही आहे. जखमी माणूस ओळखीचा, नमाजी, चांगल्या घरचा असला की लोक म्हणतात, "त्याला कसला आजार?" आणि अनोळखी, बाहेरून आलेला ऊसतोड मजूर असला की लांब उभे राहतात. दोन्ही चूक. हिपॅटायटिस किंवा एचआयव्ही चेहऱ्यावर दिसत नाही. अनेकांना स्वतःलाच माहीत नसतं. कुणाला तो बाळंतपणात आईकडून आलेला असतो, कुणाला जुन्या इंजेक्शनमधून. यात माणसाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही.

म्हणून जगभरातल्या दवाखान्यांत एकच नियम चालतो : प्रत्येकाचं रक्त बाधित आहे असं समजूनच हाताळायचं. वडिलांचं असो, शेठचं असो, परक्याचं असो. यात कुणाचा अपमान होत नाही, कुणाला विचारावं लागत नाही आणि कुणावर संशयही घ्यावा लागत नाही.

कायदाही हेच सांगतो. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. एचआयव्ही असलेल्या माणसाला कामावरून काढणं, शाळेतून काढणं, त्याचा आजार त्याच्या परवानगीशिवाय जाहीर करणं याला हा कायदा मनाई करतो. आणि जिथे कामगारांचा रक्ताशी संबंध येण्याचा मोठा धोका आहे, तिथे संरक्षणाची साधनं आणि प्रशिक्षण देण्याची जबाबदारी तो संस्थेवर टाकतो.

फिनेल, डेटॉल का चालत नाही?

फिनेलला वास आहे, म्हणून काम झाल्यासारखं वाटतं. पण रक्तातल्या विषाणूंसाठी त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. डेटॉलसारखी औषधं मुख्यतः कातडीसाठी आहेत. फरशीवरच्या रक्तासाठी स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे क्लोरीन : सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण किंवा ब्लीचिंग पावडर, जी आपल्याकडे पाण्याच्या टाकीसाठी ग्रामपंचायत वापरते तीच.

आपल्याकडच्या दवाखान्यांत रक्तासाठी १ टक्का हायपोक्लोराइट वापरतात. ते घरी-दुकानात असं बनवा :

• बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर : १ माप द्रावण + ४ मापं पाणी.
• ४ टक्के असेल तर : १ माप द्रावण + ३ मापं पाणी.
• १० टक्के असेल तर : १ माप द्रावण + ९ मापं पाणी.
• ब्लीचिंग पावडर (साधारण ३० टक्के क्लोरीनची) असेल तर : १ लिटर पाण्यात सुमारे ३३ ग्रॅम. किराणा दुकानाच्या काट्यावर एकदा मोजून कागदाच्या पुड्या बांधून ठेवल्या की ऐनवेळी अंदाज करावा लागत नाही. पावडर ढवळून गाळ खाली बसू द्या आणि वरचं पाणी वापरा.

द्रावण प्लॅस्टिकच्या भांड्यात, थंड पाण्यात करा. ते रोज ताजं करायचं, कारण क्लोरीन उडून जातो. मागच्या महिन्याच्या बाटलीत नुसतं वास मारणारं पाणी उरलेलं असतं. पावडरचा डबाही घट्ट झाकणाचा आणि सावलीत हवा.

एक सक्त ताकीद : क्लोरीनमध्ये संडास साफ करायचं ॲसिड किंवा अमोनिया असलेला क्लीनर कधीही मिसळू नका. "दोन्ही टाकलं की जास्त साफ होईल" असं वाटतं, पण त्यातून विषारी वायू निघतो आणि बंद मोरीत माणूस बेशुद्ध पडू शकतो. दारं-खिडक्या उघडी ठेवूनच काम करा. दमा असलेल्या माणसाला हे काम देऊ नका.

सामान आधीच एका पिशवीत ठेवा

रक्त सांडल्यावर हातमोजे शोधत फिरायची वेळ येऊ नये. एका बादलीत किंवा पिशवीत एवढं ठेवलं की झालं :

• रबरी किंवा नायट्राइलचे हातमोजे, दोन-तीन जोड
• मास्क आणि साधा प्लॅस्टिकचा चष्मा
• जुने वर्तमानपत्र, टिश्यू किंवा फेकून द्यायची फडकी
• ब्लीचिंग पावडरच्या पुड्या किंवा हायपोक्लोराइटची बाटली, एक मग
• चिमटा किंवा सांडशी आणि जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे
• जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या
• झाकणाची रिकामी जाड प्लॅस्टिक बाटली, काच-सुई-ब्लेडसाठी
• साबण

ही सांडशी आणि फडकी परत स्वयंपाकघरात जाता कामा नयेत. पिशवीवर मोठ्या अक्षरात "रक्त-सफाई" लिहा.

सफाई, पायरीपायरीने

१. आधी माणूस, मग फरशी. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, शक्य असेल तर हात वर उचला आणि गंभीर असेल तर १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्यानेही हातमोजे घालावेत. मिळाले नाहीत तर हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली तरी चालते.

२. जागा अडवा. एक खुर्ची आडवी ठेवा, पोरांना लांब करा. रक्तावरून चालत गेलेले पाय सगळ्या दुकानात रक्त नेतात. मशीनजवळ असेल तर आधी मेन स्विच बंद.

३. हातमोजे, मास्क, चष्मा, बंद चप्पल किंवा बूट घाला. हातावर जखम असेल तर तिला आधी पट्टी लावा, किंवा काम दुसऱ्याला द्या.

४. काच, ब्लेड, पत्र्याचा तुकडा कधीही हाताने उचलू नका. सांडशीने किंवा दोन पुठ्ठ्यांनी उचलून बाटलीत टाका.

५. थेंब-दोन थेंब असतील तर टिश्यूने पुसा, साबणाच्या पाण्याने धुवा, मग द्रावण लावून १० मिनिटं ओलं राहू द्या आणि पुसून घ्या.

६. रक्त जास्त असेल तर त्यावर वर्तमानपत्र किंवा फडकी पसरा. त्यावर द्रावण कडेकडून मध्याकडे हळूहळू ओता. जोरात ओतलं तर शिंतोडे उडतात. १० मिनिटं थांबा. मग कागद कडेकडून आत गुंडाळत उचला आणि पिशवीत टाका.

७. आता फरशी साबणाच्या पाण्याने धुवा आणि पुन्हा ताजं द्रावण लावून १० मिनिटं ठेवा. ही दुसरी फेरी लोक गाळतात. पण रक्ताचा थर असला की क्लोरीनचा जोर त्यातच संपतो. खरं निर्जंतुकीकरण साफ झालेल्या फरशीवर होतं.

८. शेवटी साध्या पाण्याने पुसा. लेथ, शिलाई मशीन, लोखंडी टेबल असेल तर हे नक्की करा, नाहीतर क्लोरीनमुळे गंज चढतो.

९. हातमोजे आतली बाजू बाहेर करत काढा, पिशवीत टाका आणि तोंड बांधून त्यावर दुसरी पिशवी चढवा. मग साबणाने हात धुवा, कोपरापर्यंत.

केरसुणी आणि सुपली रक्तासाठी वापरू नका. केरसुणीच्या काड्यांत अडकलेलं रक्त निघत नाही.

कपड्यावरचं रक्त थंड पाण्यात भिजवा. गरम पाण्याने डाग पक्का बसतो. नंतर साबणाने धुऊन उन्हात वाळवा. रंगीत कपड्यावर आणि सतरंजीवर क्लोरीन टाकलं तर रंग जातो, तिथे साबण, भरपूर पाणी आणि कडक ऊन.

कचरा कुठे टाकायचा?

दवाखान्यात २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रक्ताने भिजलेला कापूस-पट्टी पिवळ्या पिशवीत आणि सुया-ब्लेड पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जातात. दुकान किंवा वर्कशॉपकडे ती सोय नसते. थोडा कचरा असेल तर दुहेरी पिशवीत घट्ट बांधून, वर "रक्ताचा कचरा" असं लिहून घंटागाडीच्या कामगाराला सांगून द्या. न सांगता टाकलेली पिशवी तो हातानेच उघडतो. मोठा अपघात झाला असेल तर ज्या दवाखान्यात जखमीला नेलं तिथेच विचारा, ते घेऊ शकतात. ओढ्यात, गटारीत, वारणेच्या पात्रात टाकू नका आणि उघड्यावर जाळूही नका.

कोणत्या कामात काय सांभाळायचं

सलून : प्रत्येक गिऱ्हाइकाला नवीन ब्लेड आणि ते त्याच्या समोर बदलायचं. वापरलेलं अर्धं ब्लेड खिशात किंवा ड्रॉवरमध्ये नको, थेट बाटलीत. तुरटीचा एकच खडा सगळ्यांच्या गालावर फिरवणं बंद करा. कापलं तर कापसाने दाबा.

मटण शॉप आणि कुर्बानी : बकऱ्याच्या रक्तातून एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी होत नाही. पण जनावरांचे म्हणून काही आजार आहेत, उदा. ब्रुसेलोसिस, ज्यात वारंवार ताप आणि सांधेदुखी येते. गोचिडातून आणि जनावरांच्या रक्तातून पसरणारा क्रिमियन-काँगो ताप भारतात २०११ मध्ये गुजरातेत पहिल्यांदा आढळला. म्हणून हातावर चिरा असतील तर हातमोजे घाला, जनावरावरच्या गोचिडी हाताने चिरडू नका आणि बकरी ईदला रक्त रस्त्यावर वाहू देऊ नका. खड्डा करून, चुना टाकून मातीने बुजवा. सुरी चालवताना माणसाचा हात कापला, तर मात्र ते माणसाचं रक्त. वरच्या सगळ्या पायऱ्या लागू. ज्या मटणावर ते पडलं तेवढं बाजूला काढून टाका.

शाळा आणि मदरसा : नाकातून रक्त, मैदानावर फुटलेला गुडघा हे रोजचंच. मुलांना एकमेकांचं रक्त पुसायला लावू नका, मोठ्यांना बोलवायला शिकवा. वर्गात एखाद्या मुलीला अचानक पाळी आली आणि बाकावर डाग पडला, तर तिला आधी बाईंसोबत बाहेर पाठवा, मग बाक शांतपणे याच पद्धतीने पुसा. तिला स्वतःला सगळ्यांसमोर बाक पुसायला लावणं हा गुन्ह्यासारखा अपमान आहे. अशा एका प्रसंगाने मुलगी शाळा सोडते.

मय्यतचं गुस्ल : अपघातातली किंवा पोस्टमॉर्टेम झालेली मय्यत असेल तर जखमांतून रक्त येऊ शकतं. गुस्ल देणाऱ्यांनी हातमोजे, प्लॅस्टिकचा ॲप्रन आणि मास्क वापरावा. गुस्लमध्ये हाताला कापड गुंडाळण्याची पद्धत आहेच, त्याच्या आत हातमोजे घातल्याने मय्यतचा आदर कमी होत नाही. वाहत्या जखमेवर कापूस ठेवून पट्टी बांधा. गुस्लचा तख्ता आणि जागा नंतर साबणाने आणि १ टक्का द्रावणाने धुवा. आजार होता म्हणून गुस्ल नाकारण्याची गरज नाही, खबरदारी पुरेशी आहे.

पाकी आणि जंतू

बरेच जण विचारतात, तीनदा पाण्याने धुतलं, पाक झालं, मग पुन्हा क्लोरीन कशाला? दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. वाहतं रक्त नजिस आहे आणि ते धुतलं की जागा, कपडा पाक होतो, हा शरियतचा मसला. विषाणू मेला का, हा आरोग्याचा. नमाजसाठी पहिली गोष्ट पुरते, शेजारच्या माणसाच्या जिवासाठी दुसरीही लागते. आपल्या भागात बहुतेक हनफी मसलक आहे, त्यात जखमेतून वाहणाऱ्या रक्ताने वुजू मोडतो. कोकणातल्या शाफई बांधवांकडे मोडत नाही. आपापल्या मौलवी साहेबांना विचारून घ्यावं. मस्जिदीत वुजूखान्याजवळ किंवा सफवर रक्त पडलं तर जमातने वाट न बघता जागा अडवून साफ करावी.

टोचलं किंवा डोळ्यात उडालं तर

लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. बोट पिळू नका, तोंडात घालून चोखू नका, जखमेवर ब्लीच ओतू नका. डोळ्यात उडालं असेल तर साध्या पाण्याने १० ते १५ मिनिटं धुवा. तोंडात गेलं असेल तर थुंका आणि चुळा भरा.

मग दवाखाना. उद्या नाही, आज. एचआयव्ही टाळण्याची औषधं जेवढ्या लवकर, शक्यतो दोन तासांत, सुरू केली तेवढी चांगली. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. कोर्स २८ दिवसांचा असतो. हिपॅटायटिस बी ची लस घेतली नसेल तर तीही शक्यतो २४ तासांत घ्यायची. जवळच्या सरकारी रुग्णालयात विचारा, तिथे सोय नसेल तर कोल्हापूरला सीपीआर. एचआयव्हीबद्दल माहिती हवी असेल तर १०९७ हा मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे.

रमजानमध्ये हे झालं तरी इफ्तारपर्यंत थांबू नका. तपासणीसाठी रक्त दिल्याने रोजा तुटत नाही असं बहुतेक उलेमांचं मत आहे. आणि गोळी लगेच घ्यावी लागली तर आजारी माणसाला सवलत आहे, रोजा नंतर कजा ठेवता येतो.

लस : सगळ्यात स्वस्त संरक्षण

हिपॅटायटिस बी ला लस आहे, सी ला आणि एचआयव्हीला नाही. बाळांना ही लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत. पण आज जे तीस-चाळीस-पन्नास वर्षांचे कामगार आहेत त्यांच्या लहानपणी ती नव्हती. मोठ्यांना तीन डोस लागतात : पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. दवाखान्यातले सफाई कामगार, न्हावी, गुस्ल देणारे, प्रथमोपचार करणारे शिक्षक यांनी ती नक्की घ्यावी. कुणाला आधीच हिपॅटायटिस असेल तर २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी केंद्रांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

मालकांसाठी दोन शब्द

ज्या मावशीला आपण रक्त पुसायला सांगतो तिला बहुतेक वेळा कायमची नोकरी नाही, विमा नाही आणि "मला भीती वाटते" म्हणायची सोयही नाही. तिला हातमोजे देणं हे उपकार नाहीत. ज्याच्या दुकानात रक्त सांडलं, सफाईची जबाबदारी त्याची. दुसऱ्याला सांगायचं असेल तर आधी शिकवा, साधनं द्या, लसीचा खर्च करा, मग सांगा. अठरा वर्षांखालच्या पोराला हे काम अजिबात देऊ नका.

या जुम्माला नमाजनंतर एवढंच करता येईल : प्रत्येक दुकानदाराने एक पिशवी भरून ठेवायची, तिच्यात हा लेख छापून टाकायचा आणि कामावरच्या प्रत्येकाला ती कुठे टांगली आहे ते दाखवायचं. मस्जिद आणि कब्रस्तान कमिटीनेही एक ठेवावी. अल्लाह करो, ती उघडायची वेळ कुणावर न येवो.